मूलपेशी, रक्त आणि आपली सोसायटी

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे, बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



व्याख्यानमालेत बोलाल का, असं कमिटीने विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं टेक्निशियन होते, एवढंच. पण सेक्रेटरी म्हणाले, "काकू, दर सव्वीस जानेवारीला रक्तदानासाठी तुम्ही आम्हाला घराघरातून ओढून आणता. निदान त्या रक्ताचं पुढे काय होतं ते तरी सांगा." म्हणून उभी राहिले.

इथे राहायला आलो तेव्हाचे दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. लिफ्ट सुरू नव्हती, पाणी टँकरचं, आणि कंपाउंडला भिंतही नव्हती. दुसऱ्याच वर्षी झेंडावंदनानंतर रक्तदान शिबिर घ्यायचा हट्ट मी धरला. पहिल्या शिबिरात अकरा बाटल्या जमल्या. हा हट्ट कशासाठी, ते इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही. आज सांगते.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आमच्या आत्याच्या मुलाशी झालं. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा ही सोयरीक नवी नाही. १९७९ साली ताईला मुलगा झाला. आम्ही त्याला बाळ म्हणायचो आणि शेवटपर्यंत बाळच म्हणत राहिलो. सहा-सात महिन्यांचा झाला आणि पांढराफटक दिसायला लागला. दूध पिईना, पोट फुगलेलं. गावातल्या डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं. वर्षभर टॉनिक चालू होतं आणि पोर आणखी पांढरं पडत होतं. शेवटी ताई त्याला घेऊन माझ्याकडे मुंबईला आली. निदान झालं: थॅलेसेमिया मेजर. लोह कमी होतं असं काही नव्हतंच. लोहाचं हिमोग्लोबिन करणारा साचाच मोडका होता.

हे समजायला आधी रक्त कसं तयार होतं ते बघू. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे रोज जेवढ्या जुन्या मोडतात तेवढ्या नव्या लागतात. आपण इथे बसलोय, पण प्रत्येकाच्या हाडांच्या मगजात सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या लाल पेशी तयार होताहेत. त्या कुठून येतात? मूलपेशींपासून. इंग्रजीत स्टेम सेल म्हणतात त्या याच.

मूलपेशी म्हणजे काय, हे मी नेहमी विरजणावरून सांगते. आपण दही लावतो, ते खातो, पण एक चमचा उद्यासाठी बाजूला ठेवतो. तो चमचा संपला की दही संपलं. मूलपेशी तेच करते. ती दुभंगते तेव्हा एक भाग पुढे जाऊन लाल पेशी, पांढरी पेशी, प्लेटलेट असं काहीतरी होतो आणि दुसरा मूलपेशीच राहतो. म्हणून जन्मभर रक्त पुरतं. पण विरजणच बिघडलेलं असेल तर दही रोज बिघडलेलंच लागणार. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये हेच होतं. दोष मूलपेशीतल्या जनुकात असतो, म्हणून तिच्यापासून होणारी प्रत्येक लाल पेशी तो दोष घेऊनच येते.

या पेशींचा शोध कॅनडात टोरांटोला लागला. जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकलॉक हे डॉक्टर. किरणोत्साराने त्यांनी उंदरांचा मगज निकामी केला आणि मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मगजातल्या पेशी टोचल्या. काही दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसल्या. मोजल्यावर लक्षात आलं की जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या जास्त गाठी, आणि एकेक गाठ एकेका पेशीपासून वाढलेली. हे १९६१ साली छापून आलं. आजचं मूलपेशींचं सगळं शास्त्र तिथून सुरू होतं.

आता बाळकडे येते. उपाय एकच होता. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. ताई आणि भाऊजी त्याला रात्रीच्या गाडीने घेऊन यायचे, सकाळी हॉस्पिटल, संध्याकाळी माझ्या घरी वरणभात, आणि रात्री परत. कधी रक्तपेढीत त्याच्या गटाचं रक्त नसायचं. मग मी आमच्या लॅबमधल्या लोकांच्या हातापाया पडायचे. एका बाटलीसाठी ताई पॅसेजमध्ये सहा-सहा तास बसलेली मी पाहिली आहे. तुम्ही दर वर्षी जो अर्धा तास देता तो कुणाचे सहा तास वाचवतो, हे आता कळलं असेल.

रक्त चढवलं तरी प्रश्न संपत नाही. एका बाटलीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. ते यकृतात साठतं, ग्रंथींमध्ये साठतं, हृदयात साठतं. ते काढायला तेव्हा डेस्फेरालची सुई होती. रात्री पोटाला किंवा मांडीला लावायची, आठ-दहा तास छोट्या पंपातून थेंब थेंब औषध, आणि असं आठवड्यातून पाच-सहा रात्री. खर्च इतका की भाऊजींनी आधी स्कूटर विकली, मग ताईच्या पाटल्या गेल्या. तरी महिन्यातले पंधरा दिवससुद्धा औषध पुरायचं नाही. गोळीच्या रूपातलं डेफेरिप्रोन आपल्या देशात १९९५ साली आलं. बाळ तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि हृदयावर परिणाम झालेला होता. १९९७ साली, अठराव्या वर्षी तो गेला. बारावीचा फॉर्म भरून झाला होता.

मगज बदलता आला नसता का? डॉनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी १९५७ साली माणसांना दुसऱ्याचा मगज शिरेतून दिल्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. सहा रुग्ण होते, शंभर दिवसांपलीकडे कुणी जगलं नाही. पुष्कळांनी तो नाद सोडला, थॉमस यांनी सोडला नाही. पुढे एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा जुळवायला शास्त्र शिकलं आणि चित्र पालटलं. १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशातलं पहिलं मगज प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईत टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे हे डॉक्टर व्हीलचेअरवर बसून काम करतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही १९८६ पासून प्रत्यारोपणं सुरू झाली.

ताईला दुसरी मुलगी झाली, १९८३ साली. त्या नऊ महिन्यांत ताई रात्रीची झोपली नाही. मुलीला आजार नव्हता. मग आशा वाटायला लागली की बहिणीचा मगज भावाला चालेल. सख्ख्या भावंडांत खुणा पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. मुलगी पाच वर्षांची झाल्यावर तपासणी केली. जुळलं नाही. तो रिपोर्ट ताईच्या हातात मीच दिला. नोकरीत हजारो रिपोर्ट दिले असतील, हा एक अजून डोळ्यापुढे आहे.

आज काय बदललं आहे ते आता सांगते, कारण नुसतं रडगाणं गायला मी उभी नाही.

एक तर भावंड जुळलं आणि मूल लहान असेल, लोह नीट काढलेलं असेल, तर चांगल्या केंद्रांत दहातली आठ-नऊ मुलं प्रत्यारोपणानंतर रक्त चढवण्यापासून सुटतात. आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणीवरसुद्धा आता प्रत्यारोपण होतं. धोका जास्त, पण वाट बंद नाही. खर्च लाखांत जातो. त्यासाठी कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, तिच्यात पात्र मुलाला दहा लाखांपर्यंत मदत मिळते. हे लक्षात ठेवा, ओळखीत कुणाला उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट खरोखर नवी आहे. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं आणि मोठ्या माणसाचं सुरू होतं. म्हणूनच ही मुलं जन्मतः ठणठणीत दिसतात आणि सहाव्या महिन्याला पांढरी पडतात. डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की काही लोकांचं गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मभर चालू राहतं, आणि अशांना सिकलसेल किंवा थॅलेसेमिया झाला तरी सौम्य होतो. मग ते बंद करणारं बटण कोणतं याचा शोध लागला. बीसीएल-११-ए नावाचं जनुक. रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, लॅबमध्ये क्रिस्पर नावाच्या कात्रीने लाल पेशींपुरतं ते बटण निकामी करायचं, आणि पेशी परत द्यायच्या. जुनं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू होतं. दाता शोधायला नको, कारण पेशी आपल्याच. ज्या दोघींनी ही कात्री घडवली त्या एमान्युएल शार्पेन्तिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पुढच्या महिन्यात अमेरिकेत. चाचणीत थॅलेसेमियाच्या ३५ रुग्णांपैकी ३२ जणांना वर्षभर किंवा जास्त काळ रक्त चढवावं लागलं नाही. सिकलसेलच्या ३० जणांपैकी २९ जण वर्षभर त्या भयंकर दुखण्याच्या झटक्यांपासून मोकळे राहिले.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून आधी जोरदार केमो देऊन जुना मगज रिकामा करावा लागतो. त्यात केस जातात, तोंड येतं, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, आणि कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये काढावे लागतात. आणि किंमत? अमेरिकेत बावीस लाख डॉलर. आपल्या हिशेबात अठरा कोटींच्या वर. आपल्या तिन्ही विंगच्या रीडेव्हलपमेंटची बोलणी याहून कमी आकड्यावर अडली होती. (हशा)

म्हणून आपल्याकडे काय चाललं आहे ते महत्त्वाचं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांवर असाच उपचार केला. या आजारात रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक शरीरात बनत नाही. त्यांच्याच मूलपेशींत तो घटक बनवणारं जनुक, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने घातलं आणि पेशी परत दिल्या. निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये छापून आले. पाचही जणांचा पाठपुरावा मिळून ८१ महिने होतात, आणि तेवढ्यात एकालाही रक्तस्राव झाला नाही. पाच हा आकडा लहान आहे हे मान्य. पण हे आपल्या देशात झालं. सिकलसेलसाठी क्रिस्परवर दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतही काम चालू आहे. हे उपचार इथे तयार झाले तरच आपल्या लोकांच्या आवाक्यात येतील.

सिकलसेल म्हटलं की आपल्याला वाटतं हा लांबचा विषय. लांबचा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, आपल्याच महाराष्ट्रात हा आजार आहे. विदर्भातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं आपल्या सोसायटीतही आहेत. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून.

तपासणी म्हटली आणि आज जे मागायला आले आहे त्यापाशी पोचले.

आपल्या देशात साधारण शंभरातले तीन ते चार लोक थॅलेसेमियाचे वाहक आहेत. वाहकाला काही होत नाही. मी स्वतः वाहक आहे. बाळचं निदान झाल्यावर आमच्याच लॅबमध्ये माझं रक्त तपासलं तेव्हा कळलं. हिमोग्लोबिन थोडं कमी राहतं, बाकी साठी ओलांडून तीन जिने चढते. पण नवरा आणि बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल मेजर होईल. प्रत्येक वेळी, बरं का. पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही. एक थॅलेसेमियाचा वाहक आणि दुसरा सिकलसेलचा, तरीही मूल आजारी होऊ शकतं. आणि हा फक्त सिंधी, पंजाबी, कच्छी लोकांचा आजार आहे हे डोक्यातून काढा. त्यांच्यात प्रमाण जास्त आहे, पण आम्ही तर मराठीच.

दरवर्षी देशात सुमारे दहा हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्माला येतात. सायप्रसमध्ये एके काळी हा आजार घरोघरी होता. १९७०च्या दशकापासून त्यांनी लग्नाआधी तपासणी सुरू केली, आणि आता तिथे अशी मुलं जवळजवळ जन्मत नाहीत. त्यासाठी अठरा कोटींची कात्री लागली नाही. एक साधा सीबीसी आणि एचपीएलसी नावाची तपासणी, आयुष्यात एकदाच. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायची गरज नाही. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते.

माझ्या भाचीची गोष्ट सांगते, ताईच्या मुलीची. तीही वाहक आहे. ताईने ठरवलं होतं की लपवायचं नाही. दोन स्थळं आली, सांगितलं, दोन्ही मोडली. एका घरच्यांनी तर "मुलीत खोट आहे" असं गावभर केलं. तिसरा मुलगा पाहायला आला. भाचीने चहा द्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग मीही तपासून घेतो, त्यात काय." तपासलं, तो वाहक नव्हता. आज त्यांना दोन मुलं आहेत. धाकटी वाहक आहे, दोघंही मजेत शाळेत जातात. थोरल्याच्या बारशाला ताई इतक्या वर्षांनी पहिल्यांदा हसली.

तर मागणी अशी. या सव्वीस जानेवारीच्या शिबिरात रक्तदानाच्या टेबलाशेजारी आणखी दोन टेबलं मांडू.

पहिलं टेबल वाहक तपासणीचं. लग्न व्हायचं असलेली मुलं-मुली आणि मूल व्हायचं असलेली जोडपी यांच्यासाठी. रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याच्या हातात. मेंटेनन्सच्या थकबाकीदारांसारखी यादी बोर्डावर लागणार नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच जाणार नाही. तो शब्द माझा. आणि आईवडिलांनो, पत्रिकेतले छत्तीस गुण बघायचे ते बघा, त्याला हरकत नाही. हा सदतिसावाही बघा.

दुसरं टेबल मूलपेशी दात्यांच्या नोंदणीचं. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढंच. ज्या रुग्णाला घरात जुळणी मिळत नाही त्याला अनोळखी दात्यात ती मिळू शकते. जगभरात चार कोटींहून जास्त दाते नोंदलेले आहेत, पण खुणा वंशाप्रमाणे जुळतात, त्यामुळे आपल्या पोराला आपल्याच लोकांत जुळणी मिळण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या लोकांची नोंदणी कमी. जुळलंच तर काय करावं लागतं? बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शनं, मग तीन-चार तास मशीनला हात लावून बसायचं. एका हातातून रक्त जातं, मूलपेशी वेगळ्या होतात, बाकी रक्त दुसऱ्या हातातून परत. अंग दुखतं, हाडं ठणकतात, चार दिवसांत ठीक होतं. पण एक सांगते. नाव द्यायचं असेल तर घरी विचारून, पक्कं ठरवून द्या. तिकडे रुग्णाचा मगज केमोने रिकामा केल्यावर इकडे दाता "आई नको म्हणते" म्हणून मागे फिरला, तर त्या रुग्णाकडे काहीच उरत नाही. डगमगत असाल तर नाव देऊ नका, रक्त द्या. तेही तेवढंच मोलाचं.

जाता जाता एक सावधगिरी. मूलपेशींच्या नावावर बाजार मांडलेला आहे. गेल्या वर्षी आपल्याच एका गरोदर मुलीकडे नाळेतलं रक्त साठवून देणाऱ्या कंपनीचा माणूस आला आणि "बाळाचा जन्मभराचा विमा" म्हणून मोठी रक्कम मागत होता. नाळेच्या रक्तात मूलपेशी असतात हे खरं. १९८८ साली पॅरिसमध्ये बहिणीच्या नाळेतल्या रक्तावर एका आजारी मुलाचं प्रत्यारोपण झालं, हेही खरं. पण बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असणार. बिघडलेलं विरजण फ्रीजमध्ये जपून काय उपयोग? घरात आधीच आजारी भावंड असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा. आणि गुडघेदुखीपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर स्टेम सेलचं इंजेक्शन देणाऱ्या जाहिराती दिसल्या तर पैसे भरण्याआधी सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या आजारांत मूलपेशी सिद्ध झाल्या, त्यांच्या पुण्याईवर बाकीचे दुकान चालवतात.

आपल्या शिबिरातल्या बाटल्या रक्तपेढीत जातात, तिथून कुठल्या मुलाला चढतात हे आपल्याला कधी कळत नाही. पहिल्या शिबिराच्या अकरा बाटल्या भरल्या त्या रात्री मी ताईला फोन केला होता. ती एवढंच म्हणाली, "अकरा जणींना आज घरी लवकर जाता येईल." त्यावर इतकी वर्षं हे शिबिर चाललं आहे.

टेबलांसाठी नावं घ्यायची वही खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे. पहिलं नाव माझ्या नातवाचं आहे, त्याला विचारून लिहिलंय. खालच्या ओळी रिकाम्या आहेत.